मारधाडीचे गेम: मुलांना खेळू द्यायचे का, हे घरी कसं ठरवायचं

मुलगा तासभर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइल गेममध्ये गोळ्या घालत बसला की घरातल्या मोठ्यांच्या मनात येतं, याच्या डोक्यावर याचा काय परिणाम होत असेल? मग बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर फोन हिसकावला जातो, नाहीतर 'सगळीच मुलं खेळतात' म्हणून विषय सोडून दिला जातो. दोन्ही वेळा तो गेम नेमका काय आहे, हे कुणी बसून बघत नाही.

बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स, कॉल ऑफ ड्यूटी, जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) यांपैकी काही ना काही खेळणारी ८ ते १७ वर्षांची मुलं ज्यांच्या घरात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. आमचं मत आधीच सांगतो. बारा वर्षांच्या आतल्या मुलाच्या बाबतीत पडद्यावरची हिंसा हाच मुद्दा आहे आणि तिथे कडक राहावं. चौदा-पंधराच्या पुढे मात्र त्या रक्तापेक्षा झोप, हेडफोनमधून ऐकू येणारी माणसं, पैसा आणि हरल्यावरचा राग यांनी जास्त नुकसान होतं, म्हणून तपासणी तिथे करावी.

पुरावा काय सांगतो

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने मार्च २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा स्पष्ट केली. हिंसक गेम आणि ओरडणं, ढकलणं अशा प्रकारची आक्रमकता यांत लहानसा, पण पुन्हा पुन्हा आढळणारा संबंध दिसतो. खरोखरच्या हिंसेशी, म्हणजे मारामारी, खून, गोळीबार यांच्याशी संबंध जोडण्याइतका पुरावा मात्र नाही.

'लहानसा' म्हणजे किती, हे समजून घ्यायला हवं. २०१८ मध्ये ९ ते १९ वयोगटातल्या १७ हजारांहून अधिक मुलांवरच्या २४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. या अभ्यासांत मुलांवर काही काळ लक्ष ठेवलं होतं आणि हाणामारीसारखी प्रत्यक्ष शारीरिक आक्रमकता मोजली होती. मूल आधीपासून किती आक्रमक होतं वगैरे बाबी बाजूला काढल्यावर उरलेला परिणाम, ० म्हणजे काहीच संबंध नाही आणि १ म्हणजे पूर्ण संबंध अशा मोजपट्टीवर, ०.०८ च्या आसपास आला. मुलामुलांमध्ये आक्रमकतेचा जो फरक दिसतो, त्यातला एक टक्काही यातून समजत नाही. परिणाम शून्य नाही, पण तुमच्या मुलाच्या चिडचिडीचं मुख्य कारण शोधायला ही जागा फार छोटी आहे.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४-१५ वर्षांच्या १,००४ ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. गेम किती हिंसक, हे मुलांना न विचारता अधिकृत रेटिंगवरून ठरवलं आणि मुलाच्या वागण्याबद्दल पालकांना विचारलं. त्यांना संबंध आढळलाच नाही. जर्मनीतल्या एका प्रयोगात प्रौढांना दोन महिने रोज जीटीए फाइव्ह खेळायला दिला, दुसऱ्या गटाला सिम्स थ्री हा हिंसा नसलेला गेम दिला. आक्रमकतेत फरक पडला नाही. पण हा प्रयोग प्रौढांवरचा होता, त्याच्या जोरावर दहा वर्षांच्या मुलाच्या हातात जीटीए देता येत नाही.

लहान मुलांचं चित्र वेगळं आहे. २०१९ मध्येच अमेरिकेत ८ ते १२ वर्षांच्या मुलांना माइनक्राफ्टच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या दिल्या: एकीत बंदुकीने मारायचं, एकीत तलवारीने, तिसरीत मारायचंच नाही. मग खेळणी असलेल्या खोलीत त्यांना सोडलं. तिथल्या कपाटात निकामी केलेली खरी पिस्तुलं ठेवली होती. ज्यांना ती सापडली त्यांपैकी बंदुकीचा गेम खेळलेल्या ६२ टक्के, तलवारीचा खेळलेल्या ५७ टक्के आणि बिनहिंसेचा खेळलेल्या ४४ टक्के मुलांनी पिस्तुलाला हात लावला. आपल्याकडे घरोघरी पिस्तुलं नसतात, पण या वयात पाहिलेलं लगेच करून बघण्याची ओढ किती असते, ते यावरून कळतं. बाराच्या आत कडक राहा असं म्हणतो ते यामुळे.

'गेममुळे मुलं हिंसक होतात' असा प्रयोगशाळेतला निष्कर्ष वाचाल, तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: आक्रमकता मोजली कशी? बऱ्याच प्रयोगांत खेळून झाल्यावर समोरच्याच्या कानात किती मोठा आवाज सोडला, किंवा तिखट न खाणाऱ्याच्या वाट्याला किती तिखट सॉस वाढला, हे मोजतात. त्या क्षणीच्या तापलेल्या मनाचं ते मोजमाप आहे. त्यावरून सहा महिन्यांनंतरच्या वागण्याचं भाकीत करता येत नाही. 'पब्जीमुळे खून' अशा बातम्यांचंही तसंच. पूर्ण बातमी वाचा आणि त्यात पैशाचा वाद, फोन हिसकावणं, आधीपासूनची मारहाण किंवा उपचार न झालेला आजार आहे का ते पाहा. मथळ्यात यातलं काही नसतं.

फायदे किती खरे

'गेम खेळला की मनातला राग निघून जातो' हे मुलं सांगतात आणि पालकांनाही पटतं. याला आधार नाही. राग आला असताना आदळआपट केल्याने तो उतरत नाही, उलट टिकून राहतो, असंच प्रयोगांत आढळलं आहे. शाळेतून चिडून आलेल्या मुलाने लगेच मॅच सुरू करणं हा उपाय नाही. आधी खाणं, थोडं चालणं, मग गेम.

नजरेच्या बाबतीतला फायदा मात्र खरा आहे. २००३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, गेम न खेळणाऱ्यांना दहा दिवस रोज एक तास युद्धाचा गेम दिला आणि दुसऱ्या गटाला टेट्रिस हा ठोकळे रचायचा गेम. युद्धाचा गेम खेळलेल्यांची एकाच वेळी अनेक गोष्टींवर लक्ष ठेवण्याची क्षमता जास्त सुधारली. पुढच्या अनेक अभ्यासांतही वेगवान ॲक्शन गेमचा असा परिणाम दिसला. हा फायदा वेगाचा, अचानक समोर येणाऱ्या गोष्टींचा आणि पटकन निर्णय घेण्याचा आहे. त्याने गणितात गुण वाढत नाहीत.

आणखी एक फायदा मोजायला कठीण, पण महत्त्वाचा आहे. चौघांच्या स्क्वॉडमध्ये कोण कुठे उतरणार, कोण कव्हर देणार, नॉक झालेल्याला, म्हणजे गोळी लागून खाली पडलेल्याला, कोण उठवणार, हे सतत बोलून ठरवावं लागतं. बदली झालेल्या, शाळा बदललेल्या, वसतिगृहात गेलेल्या मुलाला जुन्या मित्रांबरोबर धरून ठेवणारी हीच एक गोष्ट असू शकते. बंदी घालण्यापूर्वी तो कुणाबरोबर खेळतो ते विचारून घ्या.

पायरी १: गेम स्वतः बघा

यासाठी रविवारची ४०-४५ मिनिटं काढा. मुलाच्या शेजारी बसा, हेडफोन काढून आवाज स्पीकरवर घ्यायला सांगा आणि एक पूर्ण मॅच बघा. मध्ये बोलू नका, उपदेश करू नका. मॅच संपल्यावर त्यालाच समजावून सांगायला लावा: जिंकायचं कसं, हरलो कशामुळे, हा कोण, तो कोण. पुढची माहिती याच अर्ध्या तासात मिळते.

बघताना रक्त किती सांडलं याची मोजदाद करू नका. हे बघा:

- मारायचं कुणाला? समोर शस्त्र घेतलेला दुसरा खेळाडू आहे, की रस्त्याने जाणारा निरपराध माणूस?
- क्रूरपणाला बक्षीस आहे का? मरून पडलेल्याला किंवा शरण आलेल्याला आणखी छळल्यावर गुण, पैसे मिळतात का?
- माणसं आणि वेदना किती खऱ्या वाटतात?
- लैंगिक हिंसा किंवा बायकांची विटंबना आहे का?

या कसोट्या लावल्या की गेममधला फरक स्पष्ट होतो. बीजीएमआय आणि फ्री फायरमध्ये शत्रू हा हत्यारबंद प्रतिस्पर्धी असतो, मेला की लॉबीत, म्हणजे गेमच्या सुरुवातीच्या पडद्यावर, परत जातो. बीजीएमआय २०२१ मध्ये आला तेव्हाच त्यात लाल रक्त टाळलेलं होतं. जीटीए फाइव्ह ही सरळसरळ प्रौढांसाठीची गोष्ट आहे. युरोपातल्या पेगी संस्थेने तिला १८ चं रेटिंग दिलं आहे आणि तिच्या एका भागात खेळाडूला बांधलेल्या माणसाचा छळ स्वतःच्या हाताने करावा लागतो. 'त्यात फक्त गाड्या चालवतो' हे मुलाचं म्हणणं खरं असू शकतं, पण बाकीचा गेमही तिथेच असतो. आमच्या मते जीटीए सोळाच्या आत नको, आणि सोळा-सतराला द्यायचा तर गोष्टीचा तो भाग तुम्ही आधी पाहिलेला हवा.

पायरी २: रेटिंग वाचायचं कसं

प्ले स्टोअरवर गेमच्या पानावर ३+, ७+, १२+, १६+, १८+ असं वय लिहिलेलं असतं. त्यावर बोट ठेवलं की कारण दिसतं. खाली 'इन-ॲप खरेदी' आहे का, खेळाडू एकमेकांशी बोलू शकतात का, हेही असतं. आकड्यापेक्षा या दोन ओळी महत्त्वाच्या, कारण रेटिंग गेमच्या आशयाला दिलेलं असतं. चॅटवर अनोळखी माणूस काय बोलेल, ते त्यात धरलेलं नसतं.

ढोबळ नियम: दहाच्या आतल्या मुलाला ७+ च्या पुढे नाही. दहा ते तेराला १२+ पर्यंत, तेही तुम्ही एक मॅच बघितल्यावर. चौदानंतर १६+ चा गेम चर्चेला घ्या. १८+ ला सोळापर्यंत सरळ नकार आणि त्याचं कारण एका वाक्यात. घरात धाकटं भावंड असेल तर नियम त्याच्या वयाचा धरावा लागतो. पंधरा वर्षांच्या दादाच्या खांद्यावरून सात वर्षांचा भाऊ तोच गेम तेवढाच वेळ बघत असतो. अशा वेळी दादाने हेडफोन लावून, पाठ भिंतीला टेकून किंवा धाकटा झोपल्यावर खेळायचं.

पायरी ३: वेळ मॅचवर बांधा

घरातली सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, आणि ती बहुतेक टाळता येतात. 'आठला फोन बंद' असा नियम केला की आठ वाजता मूल हमखास मॅचच्या मध्यात असतं. मोठ्या नकाशावरची बीजीएमआयची क्लासिक मॅच १०० खेळाडूंची असते आणि शेवटपर्यंत टिकलं तर साधारण अर्धा तास चालते. फ्री फायरची ५० खेळाडूंची मॅच त्याहून बरीच छोटी असते. टीम डेथमॅच, म्हणजे दोन टीममधली छोटी लढत, दहा मिनिटांच्या आत संपते. मधूनच फोन काढून घेतला तर रँकचे गुण जातात आणि तीन मित्र एक माणूस कमी होऊन हरतात. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये शेवटच्या ओव्हरला बॅट काढून घेण्यासारखंच ते असतं, चिडणार नाही तर काय होणार?

म्हणून नियम असा करा: ठरलेल्या वेळेनंतर नवी मॅच सुरू करायची नाही. सुरू असलेली संपवायची. नऊला जेवण असेल तर शेवटची क्लासिक मॅच सव्वाआठच्या आत सुरू झाली पाहिजे. साडेआठ वाजले की फार तर एक टीम डेथमॅच. 'उतरल्या उतरल्या मेलो, ही मोजायची नाही' हा वाद रोज येतो. त्यालाही उत्तर तेच, घड्याळ बघ, वेळ उरली असेल तर खेळ.

किती वेळ द्यायचा? शाळेच्या दिवशी एक तास, सुट्टीला दोन, हे बहुतेक घरांत टिकतं. त्याहून महत्त्वाचं, झोपण्याआधी शेवटचा एक तास गेम नको. मॅच संपल्यावर डोकं तापलेलं असतं आणि झोप उशिरा लागते. सकाळी न झोपलेलं मूल चिडतं, आणि आपण तो राग गेममधल्या बंदुकीच्या खात्यावर टाकतो. आक्रमकता वाढल्यासारखी वाटत असेल तर बंदी घालण्याआधी दोन आठवडे फोन रात्री नऊनंतर स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवून बघा.

बीजीएमआयमध्ये १८ च्या आतल्यांसाठी रोज तीन तासांची मर्यादा आहे. पण बऱ्याच मुलांचं अकाउंट १८ च्या वरचं म्हणून किंवा वडिलांच्या नावावर उघडलेलं असतं, तिथे मुलांसाठीची मर्यादा लागू होत नाही. अकाउंट कुठल्या वयाचं आहे ते आधी पाहा.

पायरी ४: फोनमधली कुलपं

मुलाचा स्वतःचा अँड्रॉइड फोन असेल तर गूगलचं फॅमिली लिंक पुरेसं आहे. तुमच्या फोनवर ते ॲप घ्या, मुलाचं खातं खऱ्या जन्मसालाने जोडा. मग रोजची मर्यादा, रात्रीची बंद वेळ, प्रत्येक ॲपचा वेगळा वेळ आणि प्ले स्टोअरचं वयाचं बंधन लावा. खरेदीला तुमची परवानगी लागेल असं ठेवा. गेमची मर्यादा बोलून ठरवलेल्या वेळेपेक्षा १५-२० मिनिटं जास्त ठेवा, म्हणजे फोन मॅचच्या मध्यात कुलूप लावणार नाही.

इथे तीन गोष्टी चुकतात. वयाचं बंधन हे नवीन डाउनलोडसाठी असतं, आधीच फोनमध्ये बसलेला गेम ॲपच्या यादीत जाऊन वेगळा ब्लॉक करा. बंदी असलेले किंवा 'हॅक' केलेले गेम मुलं ब्राउझरवरून एपीके फाइल उतरवून घालतात, त्यासाठी सेटिंगमधली 'अनोळखी ॲप्स इंस्टॉल करा' ही परवानगी ब्राउझर, व्हॉट्सॲप, टेलिग्राम या सगळ्यांसाठी बंद करा. आणि पिन. जन्मतारीख किंवा गाडीचा नंबर मुलांना पाठ असतो.

बऱ्याच घरांत मूल आईच्याच फोनवर खेळतं. तिथे फॅमिली लिंक उपयोगाचं नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'फॅमिली'खाली पालक नियंत्रण चालू करून पिन ठेवा, बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपला वेगळं ॲप-लॉक लावा, आणि फोन हातात देण्याआधी स्क्रीन पिन करून द्या म्हणजे गेमबाहेर जाता येत नाही. आयफोनवर 'स्क्रीन टाइम'मध्ये हीच सगळी सोय आहे. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर मुलाचं वेगळं खातं काढून त्याला वय लावता येतं. ते सोडून सगळे वडिलांच्याच खात्यावर खेळतात, आणि मग १८+ चे गेम सहज उघडतात.

पायरी ५: हेडफोनमधले आवाज

पडद्यावरच्या गोळीबाराला घाबरणारे पालक हेडफोनमध्ये काय चाललंय ते ऐकतच नाहीत. अनोळखी लोकांच्या स्क्वॉडमध्ये आईबहिणीवरून शिव्या, जातीवरून, रंगावरून टोमणे हे रोजचं आहे. मुलीचा आवाज ऐकू आला की तिच्या मागे लागणारेही असतात. मूल बोलताना अचानक नवे शब्द वापरू लागलं तर ते बहुधा इथून आलेले असतात.

काय करायचं: माइक आणि स्पीकर दोन्ही फक्त 'टीम'वर ठेवायचे, 'ऑल'वर कधीच नाही. ओळखीच्या मित्रांचा स्क्वॉड असेल तरच बोलायचं, एरवी गेममधले तयार इशारे पुरतात. नावात शाळा, गाव, जन्मसाल नको. कुणी 'व्हॉट्सॲपवर ये', 'इन्स्टा दे', 'स्किन (गेममधला पोशाख) गिफ्ट करतो' म्हणाला की तिथेच थांबायचं, त्याच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घ्यायचा, मग रिपोर्ट आणि ब्लॉक. हा क्रम मुलाकडून एकदा करवून घ्या. स्क्रीनशॉटआधी ब्लॉक केलं तर दाखवायला हाती काही उरत नाही. आणि मुलाला आत्ताच सांगून ठेवा की असं काही झालं म्हणून गेम बंद होणार नाही. ही हमी नसेल तर मूल लपवतं, आणि समोरच्याला तेच हवं असतं.

पायरी ६: पैसा

यूसी, डायमंड ही गेममधली चलनं, रॉयल पास, क्रेट म्हणजे बंद पेटी: हे सगळं खऱ्या पैशांनी घ्यायचं. क्रेटमध्ये काय निघेल हे पैसे भरल्यावर कळतं, म्हणून 'अजून एकदा' होत राहतं. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं ठेवा, जतन केलेलं कार्ड काढून टाका. यूपीआय लाइट चालू असेल तर छोट्या रकमांना पिन लागत नाही, मुलाच्या हातात जाणाऱ्या फोनवर ते बंद ठेवा. चुकून पैसे गेले असतील तर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरवर परताव्याची विनंती करा.

'अर्ध्या किमतीत डायमंड' विकणारे टेलिग्राम ग्रुप लॉगिन आणि ओटीपी मागतात. पैसे गेले तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तिथे वेळेला फार किंमत आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. मुलगा 'गेममधून कमावतो' म्हणाला तर आधी ॲपचं नाव बघा.

पायरी ७: हरल्यावरचा राग

कॅनडातल्या संशोधकांना २०११ मध्ये असं दिसलं की स्पर्धेची तीव्रता सारखी ठेवली तर हिंसक आणि अहिंसक गेमनंतरच्या आक्रमकतेत फरक उरत नाही. २०१४ च्या अभ्यासमालिकेत आढळलं की नियंत्रण नीट चालत नसेल, गेम जमत नसेल, तर हिंसा नसलेला गेमही माणसाला चिडवतो. घरात हे फार उपयोगी पडतं, कारण चिडण्याची अर्धी कारणं दुरुस्त करता येतात.

पिंगचा, म्हणजे नेटला किती उशीर लागतोय त्याचा, आकडा पडद्यावर दिसतो. तो हिरव्यातून लाल झाला की गोळी उशिरा लागते आणि मूल स्वतःची चूक नसताना मरतं. घरात कुणी व्हिडिओ बघत असेल, मोठं डाउनलोड चालू असेल, राउटर दोन भिंतींपलीकडे असेल, तर ते आधी सुधारा. फोनची मेमरी भरलेली असेल किंवा फोन चार्जिंगला लावून तापलेला असेल तर गेम अडकतो. ग्राफिक्स कमी करा, चार्जिंग काढून खेळायला सांगा. कव्हर काढलं तरी फरक पडतो.

सलग तीन मॅच हरलं की रँकची मॅच बंद, ट्रेनिंग ग्राउंड किंवा दुसरा मोड. फोन आपटला, कुणाला ढकललं, शिवी दिली, तर त्या दिवसापुरता गेम संपला, आणि शिक्षा तेवढीच. महिनाभराची बंदी पाळली जात नाही, मित्राच्या फोनवर खेळ सुरू होतो आणि तुम्हाला दिसेनासा होतो. मॅच संपल्यावर पहिली दहा मिनिटं अभ्यासाचं, गुणांचं काही बोलू नका.

आणि गेममध्ये मारामारी आहे म्हणून मुलाच्या थोबाडीत मारू नका. मारामारीची सगळ्यात जवळची शिकवण घरातल्या हातातून मिळते, आणि ज्या मुलाला घरी किंवा शाळेत मार बसतो, त्याच्या रागाचं कारण फोनमध्ये शोधून सापडत नाही.

मदत कधी घ्यायची

जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार मान्य केला आहे, २०२२ पासून तो आजारांच्या जागतिक यादीत लागू आहे. खुणा तीन: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम वर जातो, आणि नुकसान दिसत असूनही तो वाढतच जातो. हे साधारण वर्षभर चाललेलं आणि शाळा, घर, तब्येत बिघडवणारं असलं पाहिजे. परीक्षा संपल्यावर आठवडाभर खेळलेल्या मुलाला व्यसनी म्हणू नका.

प्राण्यांना इजा करणं, शस्त्र जवळ बाळगणं, लहान मुलांना छळणं, कुणाला संपवण्याबद्दल पुन्हा पुन्हा बोलणं या गोष्टी दिसल्या, तर गेम काढून टाकला म्हणजे झालं असं समजू नका, लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. स्वतःला संपवण्याची भाषा केली तर फोन काढून घेण्याचा वाद त्या क्षणी सोडा, मुलाजवळ बसा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे.

तज्ज्ञाकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद घेऊन जा: रोज किती वाजता झोपला, किती तास खेळला, कुठल्या मोडमध्ये, कुणाबरोबर, चिडला कधी आणि त्याआधी नेमकं काय झालं होतं. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपनुसार वापराचा आलेख असतो, त्याचे स्क्रीनशॉटही काढा. 'दिवसभर फोनवर असतो' एवढंच सांगितलं तर पहिली भेट हीच माहिती गोळा करण्यात जाते.